तेलाला मुराळी नसतो

बसाप्पा मिस्त्री कुठल्याही इंजिनजवळ गेले की आधी इंजिन बघायचे नाहीत, जमीन बघायचे. शर्टाच्या खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढायचे. बोराएवढा, वापरून वापरून आरशासारखा झालेला. तो इंजिनच्या पायाशी फरशीवर ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. छर्रा जरा विचार केल्यासारखा थांबायचा आणि मग कुठल्या तरी बाजूला निघायचा. मिस्त्री वाकून त्याच्या मागनं चालायचे, दोन बोटांत उचलायचे, धोतराला पुसायचे आणि परत खिशात. मग इंजिनकडं मान वळायची.

मालक लोक हसायचे. "मिस्त्री, गोट्या खेळायला आलाय व्हय?"

उत्तर ठरलेलं. "उतार कळल्याबिगर तेल कळत न्हाई, आणि तेल कळल्याबिगर इंजिन कळत न्हाई. तुम्ही चा सांगा."

परवा मी कामासाठी एका पेट्रोल पंपावर गेले होते. तिथल्या जनरेटरच्या खोलीत, मीटरच्या वर, एक पिवळं पडलेलं पत्रक चिकटवलेलं दिसलं. मी पूर्वी जिथं नोकरीला होते त्या जनरेटर कंपनीचं. 'सर्व ग्राहकांना सूचना' असं वर, आणि खाली, 'उद्यमनगर भागातील एका स्थानिक, अप्रशिक्षित कारागिराच्या चुकीच्या हाताळणीमुळे टर्बो निकामी झाल्याचे आढळून आले आहे. तरी अशा व्यक्तींना आपल्या यंत्रास हात लावू देऊ नये.' मी ते नखानं खरवडायला लागले. अर्धंच निघालं. 'सूचना' एवढं गेलं, 'अप्रशिक्षित' राहिलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ऱ्हाऊ दे की, भित्ताड खराब हुतंय." भिंतीची केवढी काळजी! ज्या माणसाबद्दल ते लिहिलं होतं त्याची काळजी करायला कुणाला सवड झाली नव्हती. मिस्त्री जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. मला कळलं तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते.

पत्रकात ज्याला 'स्थानिक कारागीर' म्हटलंय तो कोण होता, हे एकदा नीट लिहून ठेवायचं म्हणून हे.

मिस्त्रींची शेड उद्यमनगरात, एका फौंड्रीच्या आणि एका लेथवाल्याच्या मध्ये. दाराला बोर्ड नाही. ज्याला यायचं तो विचारत यायचा आणि रस्त्यावरचं कुणीही बोट दाखवायचं. मूळ गाव सीमेकडं, गडहिंग्लजच्याही पलीकडं. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. कपाळाला विभूती, ती दहा वाजेपर्यंत घामानं पुसून जायची. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. इंजिनवर वाकायच्या आधी ती डबी बनियनच्या आत सरकवायची, वरून एकदा थोपटायची आणि मगच पाना उचलायचा. इंजिनशी ते कानडीत बोलायचे, मालकाशी मराठीत, आणि राग आला तर कुणाशीच नाही.

त्यांच्या शेडमध्ये एक ॲल्युमिनियमची किटली असायची. घरून काकू, मिस्त्रींच्या पत्नी, ताक पाठवायच्या. त्यातलं निम्मं मिस्त्रींच्या पोटात जायचं आणि निम्मं पाईपात. खोटं सांगत नाही. कुठलाही तेलाचा पाईप तपासायचा तर दुनिया पाण्यानं तपासते, मिस्त्री ताकानं तपासायचे. तेही घुसळलेल्या, वर फेस आलेल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "टर्बोतनं भायेर पडणारं तेल तू बघितलंईस? ते तेल नसतंय. रवी मारलेलं ताक असतंय. आत चक्र मिनटाला लाखाच्या घरात फिरतंय, त्याला काय तेल जागेवर ठेवतंय व्हय? पाणी कुठनबी जातंय. फेसाला वाट लागती." चार वर्षं मी इंजिनिअरिंग शिकले. पहिल्या वर्गात पास झाले. हे एक वाक्य मला कुठल्या पुस्तकात भेटलं नाही.

आमची पहिली गाठ पडली ती एका मंगल कार्यालयात. मालक तानाजीराव. त्यांच्याकडं आमच्या कंपनीचा नवा जनरेटर होता, टर्बोवाला. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्याच जोरावर फिरणारं आणि इंजिनला जादा हवा पाजणारं चक्र. ते चक्र तेलावर तरंगतं. तेल थांबलं की चक्र जळतं, आणि तेल तुंबलं की ते सायलेन्सरमध्ये शिरून निळा धूर होतो. तानाजीरावांच्या जनरेटरचे दोन टर्बो आमच्या माणसांनी आधीच बदलले होते. तिसरा बसवला आणि त्याच आठवड्यात, ऐन अक्षता पडायच्या वेळी लाईट गेली. जनरेटर सुरू झाला आणि मांडवात असा निळा धूर शिरला की नवऱ्याच्या तोंडाला रुमाल, नवरीच्या डोळ्याला पाणी आणि भटजी 'सावधान' ऐवजी खोकतायत. तानाजीरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फोन केले. एक आमच्या कंपनीला, एक बसाप्पा मिस्त्रींना. मिस्त्री आधी पोचले.

मी गेले तेव्हा जनरेटरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. आवाज आला, "कोण पावणं?"

"कंपनीतनं आलोय," मी म्हटलं. आमच्या कोडोलीकडं बायकासुद्धा 'आलो-गेलो'च बोलतात.

डोकं बाहेर आलं. वर बघितलं. "अगा, पावणं न्हवं, पावणी हाय ही. विंजनेर हाईस?"

"व्हय. मेकॅनिकल."

"मग बस हितं पोत्यावर. हुबं ऱ्हाऊन तेल दिसत न्हाई."

हे मी विसरणार नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पाना पोरांच्या हातात असायचा आणि आम्हा दोन-तीन मुलींच्या हातात वही. कंपनीत पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, "फिल्डवर जमेल ना?" या माणसानं काही विचारलं नाही. पोत्यावर जागा करून दिली. मी बसले, मग आडवी झाले, आणि आम्ही दोघं त्या जनरेटरच्या पोटाकडं बघत राहिलो.

"हे बघ, तंगी," मिस्त्री म्हणाले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा माणूस. "तुझ्या थोरल्या भनीला सासरास्नं आणायला कोण जातंय?"

"भाऊ जातोय माझा."

"मुराळी. व्हय न्हवं? तो जातोय, सासूसंगं दोन शब्द ग्वाड बोलतोय, पिशवी उचलतोय, भनीला माघारी घिऊन येतोय. तेलाला मुराळी नसतो. टर्बोकडं जाताना त्याच्या मागं पंप हाय. वऱ्हाडागत वाजत गाजत जातंय, बोटाएवढ्या पाईपातनं बी घुसतंय. माघारी येताना? मागं ढकलणारं कोण न्हाई, फुडं वडणारं कोण न्हाई. आपल्याच वजनानं खाली उतरायचं. मग त्याची माघारीची वाट कशी पायजे?"

"सरळ."

"आणि?"

"उताराची. सगळी वाट उताराची."

"आणि?"

"रुंद."

"शाबास. आता तुमच्या कंपनीनं कशी केलीया बघ."

मी बघितलं. जनरेटरच्या चौकटीचा एक लोखंडी बीम इंजिनच्या बाजूनं आडवा गेला होता. टर्बोतून निघालेला माघारीचा पाईप त्या बीमला अडला होता, म्हणून ड्रॉइंग काढणाऱ्यानं तो बीमच्या खालून वळवून घेतला होता. खाली गेला, तसाच आडवा झाला, परत वीतभर वर चढला आणि इंजिनच्या खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये शिरला. मिस्त्रींनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि चेंबरच्या बाहेरच्या अंगाला लावून धरली. तेलाची खूण पाईपाच्या भोकाच्या चार बोटं वर आली.

"दार बुडलंय," मी म्हटलं.

"बुडलंय. लेक कशीबशी माहेरच्या दारात आली तर दारच तेलाखाली. आत जाता येत न्हाई. मग ती काय करणार? वाटंतच हुबी. तिच्या मागनं दुसरी, तिच्या मागनं तिसरी. टर्बोपतूर रांग. तितं तेल तुंबलं की ते अडवणारं सील काय करंल गा बिचारं? बाजूला हुतंय. तुम्ही म्हणताय सील खराब. सील खराब न्हाई, सील शरमलंय."

"मग पाईप बीमवरनं घेतला तर?"

"बीमवरनं सरळ खाली, आणि भोक तेलाच्या पट्टीच्या वर. एक वाकण न्हाई, एक चढ न्हाई. बास. टर्बो म्हातारा हुईल पर जळणार न्हाई."

मी बाहेर येऊन कंपनीत साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडून पहिला प्रश्न आला, "पाईप कुणी उघडला?"

"मिस्त्रींनी."

"आपल्या माणसाच्या आधी? झालं की मग. बाहेरच्याचा हात लागलाय, वॉरंटी संपली. तसा रिपोर्ट लिही."

"पण सर, आधीचे दोन टर्बो गेले तेव्हा ते या आवारातसुद्धा आले नव्हते."

"तू नोकरीला लागून किती महिने झाले?"

सहा झाले होते. मी रिपोर्ट लिहिला. 'अनधिकृत व्यक्तीने केलेल्या हाताळणीमुळे.' खाली सही केली. आमच्या घराण्यात इंग्रजीत सही करणारी मी पहिली. वडील अंगठा उठवायचे, त्यांना त्या सहीचं केवढं कौतुक! ती सही मी तिथं केली, शुद्ध आणि वळणदार. मला लाज वाटते हे लिहिताना, पण ज्या रागानं मी कंपनीबद्दल बोलते तो राग आधी माझ्या सहीला लागू आहे, हे न लिहिता पुढं गेले तर मीही पत्रकवालीच.

त्या रिपोर्टवरून ते पत्रक निघालं. जिल्हाभर गेलं. त्यात नाव नव्हतं. पण उद्यमनगरात टर्बोला हात लावणारे म्हातारे किती जण असतील? एक दवाखाना होता, पंधरा वर्षं जनरेटर मिस्त्रींकडं. त्यांनी पत्रक वाचून कळवलं, आता येऊ नका. बिद्रीकडचा एक ट्रॅक्टरवाला दर हंगामाआधी मशिन घेऊन यायचा, त्या वर्षी तो शेजारच्या गल्लीतून वळून गेला. शेडपुढं चार-चार इंजिनं उतरलेली असायची तिथं कुत्रं झोपायला लागलं.

मी गेले त्यांच्याकडं. जायला दोन महिने लावले, पण गेले. ते बशीतून चहा पीत होते. बशी जरा तिरकी धरायची आणि चहा स्वतःहून ओठापर्यंत येऊ द्यायचा, फुर्र नाही, ओढणं नाही.

मी म्हटलं, "काका, त्या रिपोर्टवर सही माझी हाय."

"वाचून केलतीस का न वाचता?"

"वाचून."

"मग ठीक हाय. न वाचता केली असतीस तर विंजनेर कशाला झालीस म्हणून इचारलं असतं." बशी खाली ठेवली. रस्त्यावरून फौंड्रीची वाळू घेऊन एक टेम्पो गेला तेव्हा म्हणाले, "काम आलं न्हाई, न येऊ दे. होगली बिडू, जाऊ दे. पर माझ्या हातानं टर्बो गेला म्हणत्यात, तंगी. ह्या हातानं. ते तेवढं मला गिळता येत न्हाई."

ते एवढंच. नुकसानभरपाई नको, काही नको. ते पत्रक मागं घ्यावं, एवढी एकच त्यांची मागणी होती आणि शेवटपर्यंत तीच राहिली.

तेल कुणाच्या पत्रकाला भीत नाही. मिस्त्रींचा हात न लागलेले टर्बोसुद्धा तसेच जायला लागले. इचलकरंजीकडं गेला, कागलकडं गेला. शेवटी मुख्य कचेरीतून मोठे साहेब आले. तानाजीरावांनी निरोप धाडला, "त्या मिस्त्रीला बैठकीला बोलवा. न्हाईतर मी माझा जनरेटर ट्रॉलीत घालून तुमच्या गेटवर आणतो आणि तितं चालू करतो. मग बघू कुणाला खोकला येतोय." त्यामुळं मिस्त्रींना बोलावणं गेलं.

ते आले. स्वच्छ धोतर, खांद्यावर दोन पाईप, हातात ताकाची किटली. गेटवरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. रखवालदारानं किटलीकडं बघून त्यात लिहिलं, 'ताक देणे'. मी ते नंतर वाचलं. हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

बैठकीच्या खोलीत काचेचं लांब टेबल. मिस्त्रींनी आधी काय केलं असेल? छर्रा काढून टेबलावर ठेवला. छर्रा थोडा थांबला आणि सावकाश घरंगळत थेट मोठ्या साहेबांच्या पुढ्यात गेला.

"टेबल तुमच्याकडं उतरतंय, सायब," मिस्त्री म्हणाले. "सगळं शेवटी तुमच्याकडंच येणार."

तानाजीराव मोठ्यानं हसले. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुमचं शिक्षण?"

"चौथी. कानडी."

ड्रॉइंग विभागातला एक जण शेजाऱ्याकडं बघून हसला. मिस्त्रींनी ते बघितलं. "माझं कशाला इचारताय? तेलाला इचारा की त्याची किती झालीया. त्येला तुमचं ड्रॉइंग वाचता येत न्हाई, म्हणून तर घोळ झालाय."

मग त्यांनी एक पातेलं मागवलं. कँटीनमधून आलं. त्यात पाणी घातलं. बरोबर आणलेला पहिला पाईप आमच्या कंपनीचाच, बीमखालून वळणारा. त्याचं खालचं तोंड पातेल्यातल्या पाण्यात बुडवलं, वरच्या तोंडाला नरसाळं लावलं. "कोण धरणार?"

"मी धरतो," मी म्हटलं.

"धरते म्हणा, मॅडम," तोच ड्रॉइंगवाला म्हणाला.

"धरतो म्हटलं तरी सांडत न्हाई, सायब," मिस्त्री म्हणाले, "सांडायचं ते तुमच्या वाकणामुळं सांडंल." किटली खळाखळा हलवली, ताकाला फेस आणला आणि नरसाळ्यात ओतायला सुरुवात केली. पहिलं थोडं गेलं. मग नरसाळं भरलं. फेस वर आला, काठावर आला, माझ्या बोटांवरून उतरला आणि काचेच्या टेबलावरून, छर्रा गेला त्याच वाटेनं, मोठ्या साहेबांच्या कागदांकडं निघाला. साहेबांनी कागद उचलले. मिस्त्रींनी ओतणं थांबवलं नाही. किटली निम्मी झाली तेव्हाच थांबवलं.

मग दुसरा पाईप. त्यांनी स्वतः वाकवलेला, म्हणजे खरं तर न वाकवलेला. तोंड पाण्याच्या वर. उरलेलं ताक तेवढ्याच जोरानं ओतलं. नरसाळ्यात घोटभरही थांबलं नाही. पातेल्यात भदाभदा पडत गेलं.

सगळ्यांच्या माना पातेल्याकडं. कँटीनचा पोऱ्या फडकं घेऊन आला होता, तोसुद्धा पुसायचं सोडून बघत उभा.

मोठे साहेब म्हणाले, "हं. इंटरेस्टिंग आहे. आम्ही बघू. तुमची काय अपेक्षा आहे?" आणि हात खिशाकडं गेला.

मिस्त्री त्या हाताकडं बघत म्हणाले, "पत्र माघारी घ्या."

"कुठलं पत्र?"

मी पत्रक पुढं ठेवलं. साहेबांनी वाचलं. "पण यात तुमचं नाव कुठंच नाही."

"नाव असतं तर भांडलो असतो, सायब. नाव न्हाई, आता कुणासंगं भांडू?"

"ती सर्वसाधारण सूचना आहे. बघू आपण."

ते 'बघू' काय झालं ते सांगते. महिन्याभरात पाईप बदलला. बीमवरून, सरळ खाली, भोक तेलाच्या पट्टीच्या वर. जसाच्या तसा. कागदावर लिहिलं, 'अंतर्गत तांत्रिक पुनरावलोकनात आढळून आल्यानुसार.' ड्रॉइंग विभागाचा सत्कार झाला, केक कापला. 'धरते म्हणा' म्हणणाऱ्यानंच कापला. मला तुकडा आणून दिला, मी तो टेबलावर ठेवून घरी आले. आणि पत्रक? मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, कायदा विभागाकडं आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, मागं घेतलं तर कंपनी चुकली असा अर्थ निघतो. तिसऱ्यांदा म्हणाले, तू त्या म्हाताऱ्याची कोण लागतेस?

उत्तर खरं तर सोपं होतं. मी त्याची तंगी लागत होते.

जिल्ह्यातल्या सगळ्या जनरेटरांना नवा पाईप बसवायचं काम माझ्याकडं आलं. प्रत्येक ठिकाणी सर्व्हिस रिपोर्ट लिहायचा असतो. एक प्रत ग्राहकाला, एक कंपनीला, एक आपल्याकडं. त्यात 'दोषाचे कारण' असा रकाना असतो. मी दर वेळी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'माघारीचा पाईप कारखान्यातूनच चुकीचा. दोष शोधणारे: बसाप्पा मिस्त्री, उद्यमनगर.' ग्राहकाला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्याची सही घेतली, खाली माझी केली. या वेळी मराठीत. दवाखान्यात दिला, कार्यालयात दिला, इचलकरंजीला दिला. तानाजीरावांनी तर चौकट करून टांगला. कंपनीच्या प्रती कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं, म्हणून काम पुरं होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. लागला तेव्हा मला सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलं आणि थोड्या दिवसांनी मीच सोडलं. त्याचं मला काही वाटत नाही. नोकऱ्या मिळतात.

त्या रिपोर्टांनी पत्रकाचं सगळं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही. दवाखान्यानं मिस्त्रींना परत बोलावलं. ट्रॅक्टरवाला आला नाही. पेट्रोल पंपावर तर अजून ते चिकटलेलं आहे, मी बघितलं की.

त्यांची माझी शेवटची भेट राजारामपुरीत, मी भाड्यानं राहायची त्या वरच्या गल्लीत. संध्याकाळी पाचचा सुमार. बेल वाजली, दारात मिस्त्री. वाळलेले दिसले. तानाजीरावांनी त्यांना रिपोर्टाबद्दल सांगितलं होतं. "मला बी एक कागद दे की," म्हणाले.

मी माझ्याकडची एक प्रत दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीजवळ गेले. मराठी त्यांना अडखळत वाचता यायचं. "माझं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं, आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "ब-सा-प्पा. मिस्-त्री." बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाले, "मिस्त्री हे आडनाव न्हवं, तंगी."

माझ्या अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. कंपनीनं नाव लिहिलं नाही म्हणून मी रान उठवलं होतं, आणि मी स्वतः काय लिहिलं होतं? त्यांचा धंदा. इतक्या दिवसांत कधी विचारलंच नव्हतं.

"काय आडनाव, काका?"

"मगदूम. बसाप्पा शिवलिंग मगदूम."

मी पेन आणलं. 'मिस्त्री'च्या पुढं, जागा नव्हती तरी दाटीवाटीनं, 'मगदूम' लिहिलं आणि शेजारी परत सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत वाट बघितली. खिशातला छर्रा काढून दुसऱ्या खिशात टाकला, आणि त्याच्या जागी कागदाची घडी ठेवली. वरून एकदा थोपटली, इंजिनवर वाकायच्या आधी गळ्यातली डबी थोपटायचे तशी.

मी गाडीची किल्ली घेतली. "चला, सोडतो तुम्हाला."

"नगो."

"लांब हाय की, काका."

"लांब न्हाई. हितनं उद्यमनगरापतूर सगळा उतारच हाय," ते म्हणाले. "मी जातो आपल्या वजनानं."

मी जिन्याच्या खिडकीत उभी राहिले. रिक्षा, क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली आणि दुचाक्या यांच्या मधून ते निघाले. कुठं वळले नाहीत, कुठं थांबले नाहीत. एक हात खिशावर ठेवून ते सरळ खाली उतरत गेले.